टू पॉइंट म्युझियममध्ये गर्दी आहे पण पैसा नाही? आधी माणूस कुठं थांबतो ते बघ

भाऊ, तुझा प्रश्न दोनदा वाचला अन् स्क्रीनशॉटही मोठा करून बघितला. तू म्हणतोस की टू पॉइंट म्युझियम या म्युझियम चालवायच्या व्हिडिओ गेममध्ये मेमेंटो माइलला, म्हणजे गेममधल्या पहिल्या म्युझियममध्ये, तुझ्याकडं पंधरा-सोळा वस्तू झाल्या, माणसंही भरपूर येऊन राहिली, तरी महिनाअखेर खातं मायनसमध्ये जातं, नवीन वस्तू आणायला मोहिमेवर पाठवलेले एक्सपर्ट (म्युझियमचे तज्ज्ञ कर्मचारी) जखमी होऊन परत येतात, अन् शेवटी विचारलंस की ताई, खरं म्युझियम असंच चालतं का हे सगळं गेमपुरतंच आहे. मी सतरा वर्षं म्युझियमच्या डिस्प्लेचं काम करते, म्हणजे शोकेस, वस्तूचा आधार, लेबल, लाइट, लोकांच्या फिरण्याचा रस्ता हे सगळं, नागपुरात अन् विदर्भात जिथं काम निघेल तिथं. अन् हा गेम मार्च २०२५ मध्ये आला तेव्हापासून भाच्यासोबत खेळून राहिली आहे, त्यामुळं दोन्हीकडून सांगते. लांब होईल, चहा घेऊन बस.

तर मुद्दा असा की तुझ्या वस्तूंमध्ये काही खोट नाही, तुझ्या फरशीत, म्हणजे हॉलच्या मांडणीत खोट आहे. स्क्रीनशॉटमध्ये एकच मोठा हॉल दिसून राहिला, सगळ्या वस्तू चारी भिंतींना चिकटवलेल्या, इतवारीतल्या होलसेलच्या दुकानात माल लावतात तशा, मधे पूर्ण मोकळं मैदान, अन् बाहेर जायचं दार आत येणाऱ्या दाराच्या एकदम समोर. डोनेशन स्टँड, म्हणजे दानपेट्या, दोन, दोन्ही त्या बाहेरच्या दाराजवळ. इन्फो स्टँड, म्हणजे माहितीचे बोर्ड, तीन, तिन्ही एकाच कोपऱ्यात. आता तूच विचार कर, तुझा माणूस तिकीट काढून आत येतो, मधल्या मैदानातून सरळ समोर चालत जातो, दोन-चार वस्तू लांबून बघतो अन् जातो. तुला वाटतं गर्दी आहे. गर्दी आहे खरी, पण ती चालून राहिली, थांबून नाही राहिली. म्युझियमचा पैसा, गेममध्ये तरी, माणूस थांबला की येतो.

कसा येतो ते नीट समजून घे. तिकिटाचे पैसे एका माणसाकडून एकदाच मिळतात. डोनेशन मात्र तो फिरता फिरता अनेकदा देऊ शकतो, अन् ते देतो कधी, तर वस्तू बघून त्याला मजा आली (गेममध्ये तिला बझ म्हणतात) किंवा काही नवीन कळलं (ते नॉलेज) अन् त्याच वेळी हाताशी डोनेशन स्टँड असला तर. बझ वाढतो वस्तूच्या दर्जानं, तिच्या निगेनं अन् आजूबाजूच्या सजावटीनं, नॉलेज वाढतं इन्फो स्टँडनं. म्हणून डोनेशन स्टँड दाराजवळ नाही, तुझी सगळ्यात भारी वस्तू जिथं आहे तिथं ठेव, माणूस आ वासून बघत असतो त्याच्या दोन पावलं पुढं. दारापर्यंत जाईस्तोवर त्याचं मन थंड झालेलं असतं, त्याला बाथरूमला जायचं असतं, पोराला भूक लागलेली असते. खऱ्या आयुष्यातही हेच बघितलंय. दानपेटी चपला घालायच्या जागी ठेवली तर कुणाचा हात खिशात जात नाही, कारण त्या क्षणी माणूस वाकून चप्पल शोधत असतो.

चालण्याबद्दल थोडं जुनं सांगते, कारण गेम बनवणाऱ्यांनी हे नीट जाणून बनवलंय असं मला मनापासून वाटतं. १९१६ मध्ये बॉस्टनच्या म्युझियममधले बेंजामिन आइव्हज गिलमन यांनी म्युझियममध्ये येणाऱ्या थकव्यावर एक लेख लिहिला. त्यांनी केलं काय, तर एका चांगल्या डोळ्याच्या माणसाला शोकेसमधल्या वस्तूंबद्दल साधे प्रश्न दिले अन् उत्तरं शोधताना तो कसा वाकतो, उकिडवा बसतो, मान वाकडी करतो त्याचे फोटो काढले. फोटोच सांगतात की माणूस कलेनं थकत नाही, शोकेस लावणाऱ्यानं त्याला थकवलेलं असतं. मग १९३५ च्या सुमारास आर्थर मेल्टन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं लोक गॅलरीत कसे फिरतात ते मोजलं, तर बहुतेक लोक आत आल्यावर उजवीकडं वळतात, अन् बाहेर जायचं दार दिसलं की वाटेतल्या वस्तू सोडून त्याच्याकडं ओढले जातात. तुझं समोरासमोरचं दार म्हणजे नेमकी हीच चूक आहे.

आपल्याकडं मी अजून एक बघितलंय जे त्या पुस्तकांत नाही, की मे महिन्यात माणूस उजवीकडंही वळत नाही अन् डावीकडंही नाही, तो पंख्याखाली जातो. ४५ च्या वर पारा गेलेला असतो, बाहेरून तापून आलेला असतो, त्यामुळं पहिली दहा मिनिटं तो पंखा अन् पाण्याची जागा शोधतो. म्हणून मी जिथं काम करते तिथं पहिल्या खोलीत जड वस्तू लावतच नाही, बसायला बाक अन् एकच मोठी, लांबून कळणारी वस्तू लावते. गेममध्येही तू हे करून बघ, पहिल्या चौकात एकच वस्तू, तिच्याभोवती त्याच विषयाची झाडं-दगडं-बोर्ड अशी सजावट भरपूर, बाजूला बाक, थोडं पुढं ड्रिंकचं मशीन अन् कचऱ्याचा डबा. मग मधे भिंती टाक. भिंती टाकायला लोक घाबरतात, वाटतं जागा कमी होते. पण भिंत टाकली की वळण येतं, वळणावर वस्तू ठेवली की माणूस थांबतो, अन् बाहेरचं दार एकदम दिसत नाही. माझ्या भाच्यानं त्याच्या हॉलमध्ये तीन भिंती टाकल्या अन् दोन डोनेशन स्टँड हलवले, बाकी काहीच नवीन आणलं नाही, अन् त्याचं खातं मायनसमधून वर आलं. ते बघून तो माझ्याकडं बघायला लागला की मावशी तू हे रोज खरोखर करतेस का. हाव, हेच करते.

इन्फो स्टँडचं मात्र वेगळं आहे अन् इथं मी जरा जास्त बोलणार, कारण लेबल हा माझा जीव की प्राण आहे. गेममध्ये स्टँडचा एक घेरा असतो, त्या घेऱ्यात जी वस्तू येते तिचंच नॉलेज माणसाला मिळतं. तू तिन्ही स्टँड एका जागी ठेवलेस म्हणजे तीन शिक्षक एका वर्गात अन् बाकीचे वर्ग रिकामे. पसरव त्यांना, एक स्टँड असा ठेव की दोन-तीन वस्तू घेऱ्यात येतील. खऱ्या म्युझियममध्ये लेबलचं दुखणं असं की आपण वस्तूचं नाव, काळ, जागा एवढं लिहून हात झटकतो. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याकडं पिसदुरा म्हणून गाव आहे, तिथं डायनासोरच्या काळातली विष्ठा दगड होऊन सापडते. आता त्याच्या लेबलवर 'कॉप्रोलाइट, लॅमेटा फॉर्मेशन, उत्तर क्रिटेशस' असं लिहिलं तर शाळेतला पोरगा अर्ध्या सेकंदात पुढं जातो. पण तिथंच लिही की 'ही डायनासोरची शी आहे. साडेसहा कोटी वर्षांपेक्षा जुनी. यात गवताचे कण सापडले, म्हणून कळलं की डायनासोर असताना गवत उगवलेलं होतं', तर तो पोरगा मागं वळून आईला ओढून आणतो, आई वाचते, बाबाला बोलावते. लोक हसतात अन् हसता हसता वाचतात. टू पॉइंटवाल्यांचा विनोद मला याच कारणानं आवडतो. लाउडस्पीकरवरच्या घोषणा ऐक, वस्तूंची वर्णनं वाच, हसवतात खरं पण त्या वस्तूसमोर तुला दोन मिनिटं जास्त उभं करतात. ही कंपनी आधी टू पॉइंट हॉस्पिटल (२०१८) अन् टू पॉइंट कॅम्पस (२०२२) घेऊन आली होती, अन् तिचे गॅरी कार अन् मार्क वेबली हे १९९७ च्या थीम हॉस्पिटलवर काम केलेले लोक, म्हणजे हसवत हसवत हिशोब शिकवायचं काम त्यांना पंचवीस-तीस वर्षांचं आहे.

मराठी लेबलचं अजून एक. देवनागरीत वर वेलांट्या-मात्रा अन् खाली उकार येतात, त्यामुळं इंग्रजीसाठी केलेल्या साच्यात मराठी मजकूर टाकला की दोन ओळी एकमेकींत घुसतात अन् चाळिशीचा चष्मा लावलेला माणूस सोडून देतो. ओळींमधली जागा वाढवायची, मजकूर कमी करायचा. चार वाक्यांच्या वर गेलं की मी स्वतःच कापते, कितीही प्रेमाचं वाक्य असलं तरी.

बरं, आता तुझे एक्सपर्ट. इथं दुसरी मोठी चूक आहे अन् ती पैशाशी थेट जोडलेली आहे. तू लिहिलंस की दोन्ही एक्सपर्ट सतत हेलिकॉप्टरमध्ये असतात. अरे मग वस्तू कोण सांभाळून राहिलं? गेममध्ये वस्तूंची निगा एक्सपर्टच ठेवतात. ते बाहेर गेले की वस्तूची हालत उतरत जाते, तिच्यासोबत बझ उतरतो अन् बझसोबत डोनेशन. वरून प्रत्येक मोहिमेला पैसे लागतात, जखमी झाला की तेवढे दिवस तो कामाचा नाही, पगार मात्र चालूच. तुझ्या खात्याची गळती जास्त करून इथंच आहे असं मला वाटतं. एक जाईल, एक थांबेल, असं कर. जमलं की तिसरा घे. पाठवायच्या आधी त्या ठिकाणाचे धोके वाच, प्रत्येक ठिकाणी काय होऊ शकतं अन् कुठल्या कौशल्यानं ते टळतं हे लिहिलेलं असतं, तसं कौशल्य असलेला माणूस पाठव किंवा आधी ट्रेनिंग दे. मोहिमेवरून आलेली वस्तूची पेटी उघडायची मजा मला कळते, मलाही ती आवडते, पण रोज पेटी हवी म्हणून नवखा माणूस धोक्याच्या जागी पाठवायचा नाही.

हे सांगताना मला दरवेळी हिस्लॉप आठवतात. आपल्या नागपुरातलं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाचं ते स्टीफन हिस्लॉप, मिशनरी होते पण या भागातले दगड अन् जीवाश्म गोळा करणारे पहिल्या फळीतले माणूस. १८६३ च्या सप्टेंबरमध्ये ते टाकळघाटची शिळावर्तुळं बघायला गेले होते, मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल त्याच दौऱ्यात होते. संध्याकाळी बोरीकडं परतताना हिस्लॉप घोड्यावर एकटे होते, पावसाचे दिवस, नाल्याला पूर, त्यात ते बुडून गेले. त्यांचे कागद पुढं १८६६ मध्ये टेंपल यांनीच छापून आणले. अन् नागपूरचं सेंट्रल म्युझियम, आपला अजब बंगला, तोही १८६३ चाच. मी सिव्हिल लाइन्समध्ये त्या दारातून आत जाते तेव्हा ही दोन वर्षं एकच आहेत हे मनातून जात नाही. मोहिमेवर गेलेला माणूस परत येत नाही हे गेममध्ये एक चित्र येऊन निघून जातं, इथं आपल्या गावाच्या शेजारी ते झालंय. म्हणून मी गेममध्येही कुणाला उगाच पाठवत नाही, भाचा म्हणतो मावशी ते खोटे आहेत, तरी नाही पाठवत.

पेट्यांमधून तीच ती वस्तू पुन्हा पुन्हा निघते असंही तू म्हणालास अन् त्या तू सगळ्या हॉलमध्ये मांडून ठेवल्यास. त्या मांडू नको. अॅनालिसिसची खोली बांध अन् डुप्लिकेट तिथं दे. ती वस्तू नष्ट होते पण तिच्याबद्दलची माहिती वाढते, अन् मग उरलेली एक वस्तू जास्त नॉलेज द्यायला लागते. चांगल्या दर्जाची ठेवायची, हलकी फोडायची. खऱ्या जगात आम्ही वस्तू फोडायचं नाव काढत नाही, पण संशोधनात थोडासा नमुना खर्ची घालावा लागतो हे खरंय. वर सांगितलं ते पिसदुऱ्याचं गवत असंच कळलं, वंदना प्रसाद अन् त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या दगड झालेल्या विष्ठेचा थोडा भाग विरघळवला अन् त्यातून गवतातले वाळूसारखे सूक्ष्म कण बाहेर काढले, २००५ मध्ये ते छापून आलं. थोडा नमुना गेला अन् जगाला एक नवीन गोष्ट कळली. फरक इतकाच की तिथं आधी नोंद, फोटो, वजन, परवानगी, मग नमुना.

तू विचारलंस ना खरं म्युझियम असं चालतं का, तर इथूनच वाट वेगळी होते. खऱ्या म्युझियमचं पहिलं काम वस्तू दाखवणं नाही, वस्तू टिकवणं आहे. आलेल्या प्रत्येक वस्तूला अॅक्सेशन रजिस्टरमध्ये नंबर पडतो, कुठून आली, कुणी दिली, कशी होती, अन् हॉलमध्ये दिसतं त्यापेक्षा जास्त सामान मागं स्टोअरमध्ये असतं. गेममध्ये पेटी आणली की तुझी झाली. इथं जमिनीत गाडलेलं काही सापडलं अन् त्याची किंमत दहा रुपयांच्या वर असली तर १८७८ च्या ट्रेझर ट्रोव्ह कायद्यानं कलेक्टरला कळवावं लागतं, दहा रुपये हा आकडा त्या कायद्यातलाच आहे. अन् पैसा म्हणशील तर आपल्याकडच्या सरकारी म्युझियमचा खर्च अनुदानावर चालतो, तिकिटातून येणारा पैसा त्यामानानं लहान असतो, त्यामुळं तुझ्यासारखं महिनाअखेर छातीत धडधडत नाही, पण दुसऱ्या बाजूनं माणूस थांबला का नाही हे कुणी बघतही नाही. मला या गेमची हीच गोष्ट फार मोलाची वाटते की तो तुला माणसाच्या पायाकडं बघायला लावतो.

अन् तापमान. गेममध्ये पुढं मासे येतील तेव्हा कुठल्या माशाला गरम पाणी अन् कुठल्याला थंड हे सांभाळावं लागेल, कोण कोणाला खातो तेही बघावं लागेल, अन् बर्फात गोठलेला गुहामानव मिळाला तर त्याच्याभोवती थंडावा ठेवावा लागेल नाहीतर बर्फ वितळून तो बाहेर निघेल अन् हॉलमध्ये धिंगाणा घालेल. लोकांना ते फक्त गंमत वाटतं. मला तर ते बघून पोटात गोळा येतो. काही वर्षांपूर्वी मी एका लहान म्युझियममध्ये (नाव नाही घेत) लाकडी मुखवट्यांची मांडणी केली होती, आदिवासी कामाचे मुखवटे, फार सुंदर, एकेकाचा चेहरा बोलका. मांडणी मार्चमध्ये झाली. एप्रिलमध्ये तिथल्या लोकांनी पाहुण्यांना गरम होतं म्हणून हॉलमध्ये मोठा डेझर्ट कूलर लावला, भावना चांगलीच होती, पण कूलर म्हणजे ओली हवा, अन् तो दिवसा चालू, रात्री बंद. नागपूरचा उन्हाळा कोरडा ठणठणीत, लाकूड रात्री सुकायचं, दिवसा ओल प्यायचं, रोज फुगणं रोज आकसणं. जूनमध्ये मला बोलावलं तेव्हा दोन मुखवट्यांना कपाळापासून हनुवटीपर्यंत चीर गेली होती अन् एकाच्या रंगाचे पापुद्रे शोकेसच्या तळाला पडले होते. ते पापुद्रे मी मऊ ब्रशनं एका डबीत गोळा केले, अजून ती डबी डोळ्यासमोर आहे. कोरडेपणा एकसारखा राहिला असता तर लाकूड सोसून गेलं असतं, रोजच्या चढ-उतारानं मारलं. तेव्हापासून कुठंही काम घेतलं की पहिला प्रश्न हाच, उन्हाळ्यात इथं कूलर कुठं लागतो? लाइटचंही असंच, जुनं कापड, कागद, जलरंग यांच्यावर ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) वर उजेड टाकत नाही आम्ही, लोक म्हणतात अंधार करून ठेवलाय, पण उजेडानं उडालेला रंग परत येत नाही. गेममध्ये निदान एक्सपर्ट येऊन वस्तू पुन्हा चकचकीत करून जातो.

पोरांसाठी हाताळायच्या वस्तू लवकर ठेव, त्या स्वस्तात खूप वेळ थांबवतात. नागपुरातल्या गांधीसागर तलावासमोरचं रमण विज्ञान केंद्र १९९२ पासून याच्यावरच चालतं, बटण दाब, चाक फिरव, स्वतः करून बघ. मोतीबागचं नॅरोगेज रेल म्युझियम २००२ चं, तिथं पोरं इंजिनाच्या नावाकडं बघत नाहीत, छोट्या गाडीत बसायला रांग लावतात, अन् त्या रांगेत उभे राहिलेले आईबाप बाजूच्या इंजिनाचा बोर्ड वाचून टाकतात. म्हणून हाताळायच्या वस्तूजवळ एक इन्फो स्टँड अन् एक बाक ठेवायचा, पोरगं खेळतं तेवढ्या वेळात मोठ्यांचं नॉलेज वाढतं.

सिक्युरिटी गार्ड तुझ्याकडं एकच दिसून राहिला. डोनेशन स्टँडमधले पैसे गोळा करायचं काम त्याचंच, अन् चोर पकडायचंही त्याचंच. तू स्टँड पसरवशील तर त्याचा फेरा वाढेल, त्यामुळं दुसरा गार्ड लागेल, त्याचा पगार धरून चाल. सफाईवाल्यांवर पैसे वाचवू नको. तिकिटाचा भाव आत्ता वाढवू नको, रस्ता सुधारल्यावर थोडा थोडा वाढव अन् लोक कुरकुर करतात का बघ. बँकेचं कर्ज तर अजिबात नको, निदान गळती बंद होईपर्यंत. जाहिरातही थांबव, ज्या हॉलमध्ये माणूस थांबत नाही तिथं अजून माणसं बोलावून फक्त कचरा वाढतो.

पुढं तुला वेलॉन लॉज लागेल, भुताखेतांचं म्युझियम, तिथं एक गोष्ट आत्ताच डोक्यात ठेव. भुतं शोकेसमध्ये नाही ठेवायची, त्यांना त्यांच्या त्यांच्या काळासारखी सजवलेली खोली लागते, नाहीतर ती बाहेर निघून लोकांना घाबरवतात. मला हे फार पटलं, कारण वस्तूचंही तेच आहे. मानसरच्या उत्खननातली वीट नुसती टेबलावर ठेवली तर वीट, पण तिच्या मागं त्या टेकडीचा मोठा फोटो अन् बाजूला वाकाटकांच्या काळातल्या भिंतीचा नकाशा लावला की लोक विचारतात ही टेकडी रामटेकच्या रस्त्यावरचीच ना, आम्ही तिथून जातो. तिथून गप्पा सुरू होतात.

तर आज रात्री गेम लाव, पॉज कर, नवीन पेटी आणू नको. भिंती टाक, दार कोपऱ्यात ने, डुप्लिकेट वस्तू उचल, स्टँड पसरव, एका एक्सपर्टला घरी बसव. मग पॉज काढ अन् काहीच न करता पाच मिनिटं एकाच माणसाचा पाठलाग कर, त्याच्यावर क्लिक करून, तो दारातून आत आला तेव्हापासून बाहेर जाईपर्यंत. कुठं थांबला, कुठून नुसताच निघून गेला, कुठं पाणी शोधत फिरला हे कागदावर लिही. मी नवीन गॅलरी उघडली की पहिला रविवार हेच करते, वही घेऊन कोपऱ्यात बसते, एक कुटुंब निवडते अन् त्यांचा रस्ता काढत जाते. मग मला पुढचा स्क्रीनशॉट पाठव, पण पॉज करून काढू नको, रिकामा हॉलही नको, त्यात माणसं उभी दिसली पायजेत.